पाहुणा पूल

रामदासपेठ, नागपूर
१० नोव्हेंबर १९७८

प्रिय विश्वनाथभाऊजी,

भाऊबीजेला रुख्मिणी आणि जावई येऊन गेले. तुमच्या लेकीने चकलीला हात लावला नाही आणि अंबाडीची भाजी मात्र तीनदा मागून घेतली, तेव्हाच मी काय ते ओळखलं. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला. वडिलांना स्वतः लिहायला ती लाजते, म्हणून हे सुखाचं काम माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी पोटातलं गेलं तेव्हापासून ती या विषयावर बोलायलासुद्धा भीत होती. जाऊबाई असत्या तर त्यांनी जे केलं असतं ते सगळं मी करीन. बाळंतपण माझ्याकडेच.

आता दुसरी बातमी. आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्यावरचा पूल होता ना, ज्याच्या कठड्यावर बसून तुम्ही आणि तुमचे दादा पेरू खायचे, तो ऑगस्टच्या पुरात वाहून गेला. नुसते दोन दगडी खांब उरलेत. नाल्यापलीकडे सिंधूताईंचं प्रसूतिगृह. मागच्या वेळी त्या रुख्मिणीच्या उशाशी बसून होत्या, त्यामुळे ती म्हणते, सिंधूताईंच्या हाताखालीच, नाहीतर मी कुठेच जाणार नाही. आता नाल्याला घोटाभर पाणी आहे, दगडांवरून जाता येतं. पण पावसाळ्यात? फेऱ्याच्या रस्त्याला हाच नाला पुन्हा आडवा येतो आणि तिथे तर गळ्याएवढं पाणी. सप्टेंबरात एका बाईला खाटेवर घालून आणलं, ती अलीकडच्या काठावरच बाळंत झाली. सिंधूताई पाणी तुडवत आल्या. मला म्हणाल्या, "बाई, आता मले हे होत नाही. पूल नाही झाला तर मृग लागला की मी कुलूप लावतो."

मी दोन कचेऱ्यांत जाऊन आले. पहिली म्हणते नाला दुसरीचा, दुसरी म्हणते नाला पहिलीचा. नाल्याला विचारायची सोय नाही. तुमचं सरकार म्हणजे लग्नघरातला मामा आहे, भाऊजी. भांडी उचलायच्या वेळी दिसत नाही आणि पंगतीला पहिल्या पाटावर. छप्पन साली इथलं सचिवालय मुंबईला गेलं, त्याच्या फायलींबरोबर तुम्हीही गेलात, आणि तेव्हापासून सरकारवरची तुमची श्रद्धा वाढतच गेली. दूर राहिलं की प्रेम टिकतं म्हणतात.

मी ठरवलंय, गल्लीतून वर्गणी काढून पूल आपणच बांधायचा. तुमचं मत कळवा. म्हणजे नेमकं त्याच्या उलट करता येईल.

तुमची
कौशल्यावहिनी


मुलुंड, मुंबई
१७ नोव्हेंबर १९७८

तीर्थस्वरूप वहिनींना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा वाचलं. चहा गार झाला. रुख्मिणीला बादली उचलू देऊ नका. स्कूटरवर बसू देऊ नका. तिला म्हणावं, वडिलांना पत्र लिहायला लाजू नये; आणि लिहिलं नाही तरी चालेल.

आता पुलाविषयी. वर्गणीची कल्पना मला अजिबात मान्य नाही. आज वर्गणीतून पूल बांधाल, उद्या वर्गणीतून पोलीस ठेवाल, परवा न्यायाधीश. वर्गणीचा पूल ज्याने वर्गणी दिली त्याचा होतो. सरकारचा पूल सगळ्यांचा असतो. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याचासुद्धा. एवढ्या एका वाक्यासाठी मी एकतीस वर्षं नोकरी केली, असं समजा. आणीबाणीत कचेऱ्यांतली माणसं वेळेवर यायची हेही विसरू नका.

सोबत अर्जाचा मसुदा आहे. निवृत्त उपसचिव म्हणून मी स्वतः सही केली आहे, उत्तर माझ्याच पत्त्यावर येईल. दोन्ही कचेऱ्यांत द्या आणि पोच घ्या. योग्य मार्गाने गेलेलं काम उशिरा होतं, पण होतं.

आणि शहरात एवढं मोठं सरकारी इस्पितळ असताना रुख्मिणीचा हा हट्ट कशासाठी? तिला समजावा. तुमचं ती ऐकते. माझं तिच्या आईनेही कधी ऐकलं नाही.

आपला
विश्वनाथ


नागपूर
२९ नोव्हेंबर १९७८

प्रिय भाऊजी,

अर्ज दोन्हीकडे दिला. कारकुनाने पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला, शेजारच्या टेबलावरच्यालाही ऐकवला आणि म्हणाला की अशी भाषा आता कोणी लिहीत नाही. मग त्याने तो दोऱ्याने बांधून इतर चांगल्या भाषेच्या शेजारी ठेवला. आणीबाणीत माणसं वेळेवर येत होती हे खरं. येऊन काय करत होती ते विचारू नका.

इस्पितळाचं मी रुख्मिणीला सांगून पाहिलं. तिने पोटावर हात ठेवला. मी पुन्हा सांगणार नाही.

रविवारी माझ्या दिवाणखान्यात वर्गणीची सभा झाली. माणसाला मोकळं सोडलं की तो आपलं भलं आपण करतो, हे मी कॉन्व्हेंटमध्ये वादविवादात मांडलं होतं आणि सिस्टर ॲग्नेसनी मला त्याबद्दल मेणबत्तीदाणी दिली होती. सभेनंतर ती परत करावीशी वाटली. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, ज्याला पलीकडे जायचं त्याने जेवढ्या वेळा जाईल तेवढं द्यावं. मग प्रत्येकाने सांगितलं की तो पलीकडे कधीच जात नाही. मुलंबाळं झालेल्यांनी सांगितलं, आमच्या घरी आता बाळंतपणं संपली. कोपऱ्यावरचे कापडवाले गणपतराव मात्र उभे राहिले. एकटा सगळा पूल बांधतो म्हणाले. मी हात जोडणार, एवढ्यात पुढचं आलं. पुलाला त्यांच्या वडिलांचं नाव, दोन्ही टोकांना फाटक, आणि फाटकाची किल्ली त्यांच्या दुकानात. "ज्याचा पैसा त्याची किल्ली. मी काही गैर बोलून राहिलो का, सांगा ना बाई."

गैर काहीच नव्हतं. माझंच तत्त्वज्ञान ते बोलत होते, फक्त त्यांच्या तोंडी ते फार कुरूप दिसत होतं.

म्हणून आता तिसरा मार्ग. पुढच्या आठवड्यात अधिवेशनासाठी तुमचं सगळं सरकार नागपूरला येतंय. ते ज्या रस्त्याने जातं तेवढ्याच रस्त्याला डांबर लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मागे एकाने नातवाच्या बारशाला राज्यमंत्री बोलावले आणि घरासमोरचं गटार बांधून घेतलं. आमच्याकडे बारशाला अवकाश आहे. तेव्हा आम्ही वादविवाद ठेवलाय: 'सरकारने किती करावं?' एक राज्यमंत्री अध्यक्ष म्हणून यायला कबूल झाले, विषय त्यांना फार आवडला. सभा सिंधूताईंच्या अंगणात. म्हणजे नाल्यापलीकडे. कळलं ना?

सरकारच्या बाजूने तुम्ही बोलायचं. विरुद्ध मी. तिकीट काढा.

कौशल्यावहिनी


मुंबई
४ डिसेंबर १९७८

तीर्थस्वरूप वहिनी,

ही शुद्ध लबाडी आहे. शासनाला फसवून त्याच्याकडून त्याचंच कर्तव्य करून घेणं मला तत्त्वतः मान्य नाही, आणि अशा प्रकाराला माझ्यासारख्या माणसाने हातभार लावणं तर अगदीच अशोभनीय.

बोलायला किती वेळ मिळेल? अध्यक्ष आधी बोलणार की नंतर? नंतर बोलणार असतील तर मी माझा मुख्य मुद्दा शेवटी ठेवतो. तेरा तारखेच्या गाडीने निघतो. रुख्मिणीसाठी खारीक आणि डिंक आणतो आहे. आणखी काही हवं असल्यास कळवा.

विश्वनाथ


नागपूर
२९ डिसेंबर १९७८

प्रिय भाऊजी,

तुम्ही गाडीत बसलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज होतं, म्हणून स्टेशनवर काही बोलले नाही. आता बोलते.

तुम्ही जिंकलात हे मान्य. बोट नाल्याकडे करून तुम्ही म्हणालात, "ज्या पुलावरून आपण सर्व इथे आलात, तो माझा पहिला मुद्दा आणि तोच शेवटचा." टाळ्या थांबेनात. राज्यमंत्र्यांनी मान डोलावली. मी काय बोलणार होते? त्या दोन खांबांवर लाकडी तुळया आणि फळ्या कशा दोन दिवसांत पडल्या, कठड्याला रंग कसा लागला, ते सांगितलं असतं तर पाहुण्यांचा अपमान झाला असता. सरकारने माणसाच्या वाटेत येऊ नये, इथवर माझं भाषण आलं आणि राज्यमंत्री जायला उठले. त्यांच्या गाडीला वाट करून द्यायला माझेच श्रोते उठून गेले. सिंधूताई एकट्या बसून होत्या, कारण अंगण त्यांचं होतं.

तर अधिवेशन संपलं. काल सकाळी नाल्यावर ट्रक येऊन उभा राहिला आणि माणसं फळ्या उपसायला लागली. मी धावत गेले. ओव्हरसियर भला माणूस आहे, टोपी काढून बोलला. "बाई, हा पूल पाहुणा होता. अधिवेशनापुरता आलता. आता त्याले जाऊ द्या."

मी त्यांना चहा दिला, पोहे दिले, संत्री दिली. खाऊन पोट जड झालं तेव्हा म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतो.

हा तुमचा पहिला मुद्दा ट्रकमध्ये बसून चालला आहे, भाऊजी. शेवटचाही. काय करू?

वहिनी


तार
मुंबई, २ जानेवारी १९७९

लेखी आदेश मागा. मिळेपर्यंत पुलावर बसा. विश्वनाथ


मुंबई
२ जानेवारी १९७९

तीर्थस्वरूप वहिनी,

तार मिळाली असेल. हे तिचं स्पष्टीकरण. तो पूल कोणत्याही कागदावर मंजूर झालेला नसणार. दोन दिवसांत पूल मंजूर होत नाही, होऊ शकत नाही, मी आयुष्यभर ते पाहिलं आहे. आणि जो पूल मंजूरच झाला नाही, तो काढून टाकण्याचा आदेश कोणीही काढू शकत नाही. कारण काढण्याच्या आदेशात तो कोणी बांधला ते लिहावं लागतं. सही करायला कोणी धजणार नाही. लेखी आदेश मागत राहा.

आदेश मिळेपर्यंत बसून राहायचं, हे मी लिहिलं आहे हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना कळू देऊ नका. खाली काहीतरी जाड अंथरून बसा. रुख्मिणीला बसवू नका. थंडी आहे.

विश्वनाथ


नागपूर
२४ जानेवारी १९७९

प्रिय भाऊजी,

शाबास! उपसचिवाने नागरिकांना सरकारी पुलावर ठिय्या द्यायला सांगितलं, हे वाचून तुमचे दादा हसून हसून खोकले असते.

ओव्हरसियर आला तेव्हा मी सिस्टर ॲग्नेस उशिरा आलेल्या मुलीला विचारायच्या त्या आवाजात, इंग्रजीत, लेखी आदेश मागितला. तुम्ही म्हणालात तसंच झालं. तो चार वेळा कचेरीत गेला आणि चार वेळा हात हलवत परत आला. तरी माणसं येऊन बसायचीच, आम्ही उठायची वाट बघत. म्हणून आम्ही उठलोच नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. एरवी घरोघर होतं, यंदा रोज एका घरचं हळदीकुंकू पुलावर. सतरंजी टाकायची, तबक मांडायचं, आणि वीस-पंचवीस बायका नाल्यावर. बायका वाण लुटताना त्यांच्या पायाखालची फळी काढायची हिंमत नागपुरात कोणाला आहे?

मी विधवा. माझ्या नावाने बोलावणं जाऊ शकत नव्हतं, म्हणून पहिलं प्राध्यापकांच्या घरचं झालं. मी बाजूला खुर्ची टाकून पहारा करत होते. सिंधूताईंच्या घरी दीक्षा घेतल्यापासून हे काही करत नाहीत. कोणीतरी त्यांच्यापुढे करंडा धरला तर म्हणाल्या, "मी कुंकू घ्याले नाही आली वं, पूल राखाले आली. तिळगूळ दे." तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या सुनेने बोलता बोलता माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि वाण हातात दिलं. कोणी काही बोललं नाही. मीही पुसलं नाही. चार फळ्यांवर, खाली पाणी असलं की नियम जरा सैल होत असावेत.

असं छान चाललं होतं. काल एक माणूस आला. कचेरीचा नव्हे. धोतर, अंगात खाकी कोट, पायांत चपला नाहीत. त्या त्याने सतरंजीच्या बऱ्याच अलीकडे काढून ठेवल्या होत्या. नाव बळीराम. हिंगण्याच्या पुढे त्यांची वस्ती आहे, तिथल्या नाल्याला बारमाही पाणी. वस्ती आणि कंपनीच्या बसचा रस्ता यांच्या मधे तो नाला. त्याच्यावर लाकडी पूल होता. डिसेंबरात माणसं आली, दुरुस्ती करायची म्हणाली, आणि फळ्या-तुळया घेऊन गेली. बळीरामने ट्रकवाल्याला विचारत विचारत त्या फळ्यांचा आमच्या नाल्यापर्यंत शोध काढला. तेव्हापासून वस्तीतले लोक पाण्यातून कामाला जातात.

मला वाटलं तो भांडेल. मी तयार होते. त्याने हात जोडले आणि फक्त एक विचारलं.

"बाई, तुमचं हळदीकुंकू कवा सरते?"

मी सांगितलं, रथसप्तमीला. तो बरं म्हणाला आणि तिळगूळ घेऊन गेला.

आता बोला, भाऊजी. सरकारचा पूल सगळ्यांचा असतो म्हणालात ना?

वहिनी


मुंबई
३१ जानेवारी १९७९

तीर्थस्वरूप वहिनी,

या प्रश्नावर मी टिपण लिहायला बसलो. आयुष्यभर हेच केलं आहे, वाटलं तासाभरात होईल. पहिलं टिपण पूल ठेवण्याच्या बाजूने झालं: एक प्रसूतिगृह, दोन्ही काठांवरच्या बायकांचा जीव. वाचलं, बरोबर होतं. दुसरं परत देण्याच्या बाजूने: वस्तीचा पूल आधीचा, फसवून नेलेला, रोजच्या भाकरीचा रस्ता. तेही बरोबर होतं. दोन्ही टिपणांखाली सही करता येईना.

उपसचिव म्हणून विचाराल तर पूल परत द्या. पण जुलैत पाण्याच्या या काठावर माझी मुलगी असेल आणि त्या काठावर सिंधूताई, हे डोळ्यांपुढे आलं की मी उपसचिव राहत नाही. ठेवा म्हणतो. मग लाज वाटते. मग पुन्हा ठेवा म्हणतो.

माझं मत मागू नका, वहिनी. माझ्याकडे एकाच वेळी दोन आहेत आणि एकही वापरण्याजोगं नाही.

विश्वनाथ


नागपूर
१० फेब्रुवारी १९७९

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच त्यात चूक सापडली नाही.

आमच्या गल्लीत मात्र असा गोंधळ नव्हता. सभा घेतली. गल्ली वसल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं: पूल ठेवायचा. जे पलीकडे कधीच जात नव्हते ते आता रोज जातात म्हणे. प्राध्यापक म्हणाले, जास्तीत जास्त लोकांचं हित पाहावं, आणि ते लोक म्हणजे कोण हे मोजताना त्यांनी रामदासपेठेच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. गणपतराव म्हणाले, ज्याच्या ताब्यात त्याची वस्तू, हा मालकीचा पाया आहे. मी विचारलं, मग वस्तीच्या ताब्यात होता तेव्हा? ते म्हणाले, "तो सरकारचा प्रश्न आहे." कोणी म्हणालं सरकारने वस्तीला दुसरा द्यावा. ज्यांनी आपल्या पैशाच्या पुलाला फाटकं मागितली होती, त्यांना सरकारची एवढी गरज कधी पडली नव्हती.

माझं म्हणाल, तर मलाही ठेवायचा होता.

तुमची लेक माझ्या मागे वेताच्या मोड्यावर बसली होती. ती बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं. "काकू, हे त्याच बसने कंपनीत जातात. ती माणसं ओल्या कपड्यांनी बसमध्ये चढतात, तशीच दिवसभर मशीनवर उभी राहतात. मी त्या फळ्यांवरून बाळंत व्हायला जाणार नाही. पूल असला तरी नाही."

मग पूल अडवून धरायचा कोणासाठी? तुम्ही तिला माझ्याकडे सोपवलीत, मी तिला समजवायचं होतं. उलटंच झालं.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी वस्तीची माणसं दोन बैलगाड्या घेऊन आली. ओव्हरसियर घाबरला. पूल इथे आहे असं कागदावर नाही, मग तो इथून नेला असं तो लिहिणार कसा? शेवटी म्हणाला, मी जरा चहाला जातो. दुपारभर चहा पीत होता बिचारा. बळीरामने खांबांजवळची माती पायाने नीट केली, आमच्या सतरंजीवर पडलेला भुसा झाडला आणि गेला. गणपतराव दुकानाच्या पायरीवर उभे राहून चोरी चोरी म्हणत होते. कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

तर पूल गेला आणि मृगाला चार महिने आहेत. सिंधूताई कुलूप शोधत आहेत. मी काहीतरी ठरवते आहे. काय ते सांगत नाही, तुम्ही टिपण लिहाल.

वहिनी


मुंबई
२१ जून १९७९

तीर्थस्वरूप वहिनी,

अर्जाचं उत्तर आलं. मी ते इथे जसंच्या तसं उतरवून देतो, कारण मूळ कागद मी तुम्हाला पाठवला तर तुम्ही तो देव्हाऱ्यात ठेवाल.

'उपरोक्त ठिकाणी जानेवारी महिन्यात समक्ष स्थळपाहणी केली असता पूल अस्तित्वात असल्याचे आढळून आले. पाहणीचे वेळी त्यावर महिलांचा धार्मिक कार्यक्रम चालू होता. यावरून पूल सुस्थितीत असून पुरेसा भार पेलू शकतो हे सिद्ध होते. सबब नवीन पुलाची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली.'

भाषा बरी आहे. अशा वाक्यरचनेवर मी स्वतः कित्येक माणसं तयार केली.

हसू नका. मी हसलो नाही. इथे चार दिवस पाऊस कोसळतो आहे. नागपूरला कधी पोचतो कोण जाणे. तुम्ही काय ठरवलं आहे ते आता तरी सांगा. मला झोप नाही. मी टिपण लिहिणार नाही, शब्द देतो.

विश्वनाथ


नागपूर
८ जुलै १९७९

प्रिय भाऊजी,

तार तर केलीच, पण तारेत मुलगी झाली एवढंच मावतं. तब्येती दोघींच्याही उत्तम. नाक तुमच्यासारखं आहे, पण सिंधूताई म्हणतात की ते महिन्याभरात सुधारतं.

आता सांगते. पलीकडे जाता येत नसेल तर पलीकडचं अलीकडे आणावं. माझा दिवाणखाना आणि त्याला लागून असलेली तुमच्या दादांची अभ्यासिका मृगापासून सिंधूताईंकडे दिली आहे. खाटा टाकल्यात. दादांच्या कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटात दुपटी आहेत. ते कपाट पहिल्यांदाच रोज उघडलं जातंय. पाच जुलैला धो धो पाऊस होता, नाला दोन्ही खांबांवरून वाहत होता, आणि रुख्मिणीला फक्त स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जायचं होतं. ती ओरडली तेव्हा मी देवघरात गेले. जपमाळेचं काय म्हणायचं ते आठवेना, रामरक्षेचंही आठवेना, म्हणून नुसती उभी राहिले. मग सिंधूताईंचा आवाज आला, "बाई, या आता. ओरडणारी दुसरी आली."

तुम्ही म्हणाल, वहिनी जिंकल्या. माणसाने आपलं भलं आपण केलं. थांबा. सोमवारी पलीकडच्या काठावर एका बाईला खाटेवर आणून ठेवलं होतं. पाणी उतरेपर्यंत ती तिथे, सिंधूताई इथे. पाणी उतरलं, सिंधूताई गेल्या, बाई वाचली, पोर वाचलं नाही. सिंधूताई परत आल्या, पाय धुतले आणि बाकीच्या खाटांकडे गेल्या. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पूल बांधला नाही, भाऊजी. नुसता काठ बदलला.

गणपतरावांनी कचेरीत तक्रार दिली आहे, राहत्या घरात असा धंदा चालतो म्हणून. सरकारने माझ्या घरात लक्ष घालावं अशी त्यांची मागणी आहे. सरकार लगेच आलं, याबाबतीत ते चपळ असतं. आलेल्या माणसाने तीन बायका, तीन पोरं आणि माझा चेहरा पाहिला. त्याला मी बसायला खुर्ची दिली नाही. नवा अर्ज दिला. तुमच्यासारखी भाषा मला येत नाही. मी एवढंच लिहिलं होतं की पूल नाही, येऊन पाहा, पाणी कमी असताना येऊ नका. खाली सिंधूताईंची सही आहे आणि त्या बाईच्या नवऱ्याचा अंगठा. रोज सकाळी पोळ्या आटोपल्या की मी त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसते. लोकरीचं विणते. ते मला ओळखायला लागलेत. तुमचं सरकार हवं म्हणून बसते आहे, हे कबूल. हवं तसं नाही, म्हणूनच बसते आहे, हेही.

बाराव्या दिवशी बारसं. रुख्मिणी म्हणते, नाव आजोबांनी सांगायचं. पुन्हा लाजली आहे, म्हणून मी लिहिते.

या. अंथरूण-पांघरूण घेऊन या, इथलं सगळं बाळंतिणींकडे आहे. तुम्हाला स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांजवळ झोपावं लागेल. आणि भाऊजी, मतं मुंबईलाच ठेवून या. इथे खाटा झाल्यात, जागा नाही. मी माझीही व्हरांड्यात काढून ठेवलीत, आणि काल पाऊस तिकडूनच येत होता.

वाट पाहणारी
कौशल्यावहिनी